भार जातो कुठे?

बाबांचा डावा खुबा दुखायला लागला तेव्हा त्यांनी नागपूरच्या सीताबर्डीवरून एक वेताची काठी आणली आणि ती डाव्या हातात धरून अंबाझरीच्या फेऱ्या सुरू केल्या. मी म्हटलं, काठी उजव्या हातात धरा. त्यावर बाबा म्हणाले, "दुखते इकडं अन् टेकू तिकडं? काहीही सांगून राहिली तू." मी पंधरा वर्षं फिजिओथेरपी करते आहे. पेशंट ऐकतात, घरचे ऐकत नाहीत.

मग मी त्यांना दाराशी नेलं. कडीजवळ बोट लावलं की दार हलतं. तेच बिजागरीपासून चार बोटांवर ढकलायला गेलं की तळहात लावून रेटावं लागतं. दार तेच, वजन तेच. टेकूपासून किती लांबून जोर लावता, एवढाच फरक. शाळेत याला तरफ म्हणतात आणि तिथेच विसरून येतात.

आता डाव्या पायावर उभं राहून पाहा. चालताना प्रत्येक पावलाला आपण काही क्षण एका पायावरच असतो. अशा वेळी डावा खुबा हा टेकू होतो. बाकी शरीराचं वजन त्याच्या उजवीकडे साधारण १० सेंटीमीटरवर असतं आणि ते कंबर उजवीकडे पाडू पाहतं. तिला पडू न देणारा स्नायू खुब्याच्या बाहेरच्या अंगाला असतो, टेकूपासून जेमतेम ५ सेंटीमीटरवर. म्हणजे बिचारा कायम बिजागरीजवळ ढकलणारा. ६० किलोच्या माणसाचा टेकलेला पाय वगळला तर वर सुमारे ५० किलो उरतात. ते तोलायला या स्नायूला १०० किलोची ओढ द्यावी लागते. सांध्यावर मग दोन्ही येतं, वरचे ५० आणि स्नायूने आवळलेले १००. एकूण १५० किलो, आणि तेही नुसतं रमतगमत चालताना.

आता उजव्या हातातली काठी. ती डाव्या खुब्यापासून ३५ सेंटीमीटर तरी लांब टेकते. तिच्यावर फक्त ८ किलोचा भार दिला तरी कंबर सावरायचं निम्म्याहून जास्त काम ती उचलते. स्नायूला १०० ऐवजी ४४ किलो ओढावे लागतात आणि सांध्यावर १५० ऐवजी ८६ किलो येतात. आकडे ढोबळ आहेत, माणसागणिक बदलतील, पण सौदा असाच आहे: हाताने ८ किलो द्यायचे, खुब्याचे ६४ किलो सुटतात. काठी दुखऱ्याच बाजूला धरली तर हा लांब दांडा मिळतच नाही, माणूस नुसता तिच्यावर कलतो.

त्या कलण्यातही हिशेब असतोच. खुबा दुखणारा माणूस चालताना धड दुखऱ्या बाजूला झुकवतो. त्यामुळे वजन टेकूच्या जवळ येतं, १० सेंटीमीटरचे ६-७ होतात आणि सांधा थोडा सुटतो. कोणी शिकवलेलं नसतं. शरीर आपलं आपण गणित मांडतं. फक्त त्याचं बिल कमरेच्या मणक्यांना जातं आणि सहा महिन्यांनी पेशंट पाठ धरून येतो. भाजीच्या पिशवीचंही तेच. ती दुखऱ्या खुब्याच्याच हातात घ्यायची. ऐकायला उलटं वाटतं, पण त्या बाजूची पिशवी टेकूपलीकडून स्नायूला मदत करते. दुसऱ्या हातातली पिशवी पाडणाऱ्या बाजूला सामील होते.

शरीराच्या हालचालीचा असा हिशेब मांडणं म्हणजे बायोमेकॅनिक्स. मराठीत जैवयांत्रिकी म्हणतात, पण तो शब्द ऐकून पेशंट घाबरतो. किती जोर, टेकूपासून किती लांबून, किती वेळात आणि दिवसातून किती वेळा, एवढेच चार प्रश्न. या विषयातून मी एक गोष्ट शिकले आणि रोज वापरते: भार नाहीसा होत नाही. एका जागेवरून काढला की तो दुसरीकडे जातो. वेग वाढवायचा असो, दुखापत टाळायची असो की ऑपरेशननंतर पुन्हा उभं राहायचं असो, विचारायचं एवढंच की भार जातो कुठे?

बैठकांचंच घ्या. महाल भागातल्या एका आखाड्यात मी लहानपणी भावाला बोलवायला जायची, तेव्हा वस्ताद पोरांकडून शंभर-शंभर बैठका काढून घेताना दिसायचे. पोरांच्या टाचा उचललेल्या, गुडघे बोटांच्या बरेच पुढे. आज त्याच गल्लीतल्या जिममध्ये ट्रेनर सांगतो, "गुडघा बोटांच्या पुढे गेला की संपला." पोरं माझ्याकडे येऊन विचारतात, खरं कोण? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेच तपासलं होतं. खांद्यावर बार घेऊन बैठक मारणाऱ्यांच्या पायांपुढे फळी उभी केली, म्हणजे गुडघा पुढे जाऊच शकणार नाही. गुडघ्यावरचा वाकवणारा जोर साधारण पाचव्या हिश्श्याने कमी झाला. पण धड पुढे वाकलं आणि खुब्यावरचा जोर दहापटीने वाढला. ट्रेनरने गुडघा वाचवला आणि कंबर कामाला लावली.

गुडघ्याची वाटी दुखत असेल तर काही दिवस गुडघा कमी पुढे न्या, हा सल्ला योग्यच आहे. सगळ्यांनी कायम तसंच करावं हा नियम मात्र कोणी भिंतीवर लावला, देव जाणे. रोज बैठका मारणाऱ्याच्या शरीराला त्या भाराची सवय झालेली असते. ऑफिसातून उठून पहिल्याच दिवशी शंभर काढणाऱ्याला ती नसते.

हे सगळं मोजतात कसं? डोळ्यांवर विसंबून चालत नाही, हे दीडशे वर्षांपूर्वी एका घोड्याने सिद्ध केलं. दौडताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी अधांतरी असतात का, यावर वाद होता. १८७८ साली एडवर्ड मायब्रिजने धावपट्टीवर ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले आणि असतात हे दाखवून दिलं. तोवर चित्रकार पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला घोडा काढत होते. प्रत्यक्षात घोडा अधांतरी असतो तेव्हा पाय पोटाखाली गोळा झालेले असतात.

आजच्या प्रयोगशाळेत खेळाडूच्या सांध्यांवर चमकणारे छोटे गोळे चिकटवतात. भोवतीचे कॅमेरे त्यांची जागा सेकंदाला दोनशे किंवा त्याहून जास्त वेळा टिपतात. जमिनीत एक पाटा बसवलेला असतो, त्याला फोर्स प्लेट म्हणतात. तुम्ही जमिनीला किती जोराने आणि कुठल्या दिशेला ढकललं, हे तो सेकंदाला हजार वेळा लिहून ठेवतो. न्यूटनचा तिसरा नियम इथे कामाला येतो: तुम्ही जमिनीला जेवढं ढकलता तेवढंच ती तुम्हाला ढकलते. मग तळपायापासून सुरुवात करून घोटा, गुडघा, खुबा असा एकेका सांध्याचा हिशेब वर चढत जातो.

क्रिकेटवाल्यांना हे सगळं मुथय्या मुरलीधरनमुळे ओळखीचं झालं. त्याचा कोपर जन्मापासून पूर्ण सरळ होत नाही, त्यामुळे टीव्हीवर तो चेंडू फेकतो आहे असंच दिसायचं. पर्थमधल्या प्रयोगशाळेत त्याच्या हाताची मोजणी झाली. पुढे इतर गोलंदाजांवरही कॅमेरे लावल्यावर कळलं की ज्यांची शैली स्वच्छ म्हणून वाखाणली जायची, त्यांचाही हात चेंडू सोडताना काही अंश सरळ होतोच. फिरकीला ५, मध्यमगतीला ७.५ आणि वेगवान गोलंदाजाला १० अंश हा जुना नियम २००५ साली गेला आणि सगळ्यांना १५ अंशांची मर्यादा आली. हे १५ अंश कोपर वाकलेला असण्याचे नाहीत, वाकलेला कोपर सरळ होण्याचे आहेत. चहाच्या टपरीवर हा घोळ अजून मिटलेला नाही.

अशी तपासणी करणारी, आयसीसीने मान्यता दिलेली प्रयोगशाळा आता चेन्नईत आहे. माझ्यासारखीकडे मोबाइल असतो. त्यात सेकंदाला २४० चित्रांचं स्लो मोशन आहे. शिवाय तिपाई आहे आणि धीर आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी तर ओपनकॅप नावाची व्यवस्था काढली, त्यात दोन फोन आणि संगणक मिळून शरीरावर काहीही न चिकटवता सांध्यांचे कोन काढतात. त्या मानाने बाजारातल्या 'तुमची दुखापत आधीच ओळखा' छापाच्या ॲपवर माझा विश्वास नाही. कमजोरी दाखवता येते, कुठे भार जास्त पडतो तेही. अमुक खेळाडू अमुक महिन्यात जायबंदी होईल असं सांगणारी चाचणी आजवर कोणाला जमलेली नाही.

आता वेगाकडे येऊ. खापरखेड्याचा उमेश यादव २०११ साली कसोटी खेळला, विदर्भातून कसोटीपर्यंत पोचलेला तो पहिला. त्यानंतर रेशीमबागपासून काटोलपर्यंत प्रत्येक पोराला १४० च्या वेगाने टाकायचंय. आईवडील विचारतात, खांद्याचा व्यायाम कोणता? खांदा हे शेवटचं स्टेशन. वेग सुरू होतो जमिनीपासून.

शहर बस जोरात ब्रेक मारते तेव्हा उभा प्रवासी पुढे भिरकावला जातो. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय म्हणजे तो ब्रेक. धावत आलेलं शरीर त्या पायापाशी अडतं, पाय थांबतो, कंबर पुढे जाते, मग छाती, मग खांदा, मग हात, शेवटी चेंडू. एकेक भाग थांबत जातो आणि आपला वेग पुढच्याला देत जातो. पुढचा गुडघा सरळ ठेवून टाकणारे गोलंदाज जास्त वेगाने टाकतात, हे इंग्लंडच्या वेगवान गोलंदाजांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. गुडघा लचकला की ब्रेक अर्धवट लागतो.

भाल्यातही हेच. नीरज चोप्राने ७ ऑगस्ट २०२१ ला टोकियोत ८७.५८ मीटरची फेक केली, तेव्हा त्याचे प्रशिक्षक होते क्लाउस बार्टोनिट्झ, मूळचे बायोमेकॅनिक्सचे तज्ज्ञ. त्या फेकीचा व्हिडिओ पुन्हा पाहाल तेव्हा भाला पाहू नका. डावा पाय पाहा. तो रोवला जातो आणि त्यावरून अख्खं शरीर धनुष्यासारखं ताणून सुटतं.

धनुष्यावरून आठवलं. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ साली बर्लिनमध्ये १५० पैकी १५० गुण घेऊन विश्वविजेतेपद जिंकलं, ते कंपाउंड धनुष्यावर. त्या धनुष्याच्या टोकांना चाकं असतात आणि ती गोल नसतात, मुद्दाम वेडीवाकडी असतात. दोरी ओढताना टेकूचं अंतर बदलत जातं. ६० पाउंडांपर्यंतचं धनुष्य पूर्ण ताणल्यावर हातात जेमतेम त्याचा पाव हिस्सा जोर उरतो. हात थरथरत नाही, नेम लागतो. बाबांची काठी आणि ओजसचं धनुष्य एकाच कुळातले.

तर, ब्रेक. जो सरळ पाय वेग देतो, तोच जमिनीचा फटकाही थेट वर पाठवतो. पुढचा पाय आपटतो त्या क्षणी वेगवान गोलंदाजावर शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहून जास्त जोर येतो. नुसतं धावताना हा आकडा अडीच-तीन पटींच्या आसपास असतो. हा फटका येतो तेव्हाच कंबर मागे आणि बाजूला वाकलेली आणि वळत असते. कमरेच्या खालच्या मणक्यांच्या मागे हाडाचा एक बारीक पूल असतो, तो तिथे चेपला जातो. एकदा चेपून काही होत नाही. एका षटकात सहा वेळा, दिवसात वीस षटकं, वर आठवड्यातून सहा दिवस नेट, असं झालं की त्या पुलाला तडा जातो. उजव्या हाताने टाकणाऱ्याला तो बहुधा डावीकडे जातो, टाकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूला. खांदे एका दिशेला आणि कंबर दुसरीकडे अशी मिसळ शैली असेल तर धोका आणखी वाढतो. जसप्रीत बुमराहला २०१९ मध्ये पाठीच्या अशाच तड्यामुळे बाहेर बसावं लागलं आणि २०२३ मध्ये शस्त्रक्रिया करावी लागली.

हाडाचा स्वभाव समजून घ्यायला हवा. हाड जिवंत असतं. भार पडला की आधी ते थोडं पोखरलं जातं आणि मग तिथे नवं, जास्त भक्कम हाड भरलं जातं. पोखरणं लवकर होतं, भरणं सावकाश, आठवडे-महिने घेत. मधल्या काळात तेच हाड आधीपेक्षा कच्चं असतं. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचं हाड अजून वाढत असतं आणि उन्हाळी शिबिरात त्याची षटकं एकदम तिप्पट होतात. म्हणून इंग्लंड-ऑस्ट्रेलियात वयाप्रमाणे षटकांच्या मर्यादा घातल्या आहेत. आपल्याकडे ही मर्यादा बहुतेक वेळा पोराच्या पाठीने घातलेली असते. "थोडं दुखते, चालते" असं म्हणून दोन महिने टाकत राहिलेली पोरं मी किती पाहिली, मोजणं सोडलंय.

धावणाऱ्यांची तक्रार वेगळी. नागपुरात डांबर जाऊन सिमेंटचे रस्ते आले आणि नडगी दुखली, गुडघा दुखला की सगळा दोष सिमेंटवर टाकायची सोय झाली. सिमेंटच्या बाजूने दोन शब्द बोलायला हवेत. धावणाऱ्याचा पाय म्हणजे स्प्रिंग. टाचेमागचा अकिलिस टेंडन, म्हणजे पोटरीचा स्नायू टाचेच्या हाडाला जोडणारी दोरी, पाऊल टेकताना ताणला जातो आणि उचलताना परत सुटतो. त्या पावलातल्या उर्जेचा तिसरा हिस्सा तो एकटाच साठवून परत देतो, असा एक जुना अंदाज आहे. कठीण जमिनीवर ही स्प्रिंग आपोआप सैल होते, मऊ जमिनीवर घट्ट. १९९० च्या दशकातल्या प्रयोगांत तर दिसलं की नव्या पृष्ठभागावर हा बदल पहिल्याच पावलात होतो. त्यामुळे शरीराला बसणारा एकूण फटका आपल्याला वाटतो तेवढा बदलत नाही.

मग दुखतं का? माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तीन आठवड्यांत पाच किलोमीटरचे पंधरा केलेले असतात. दम वाढतो भराभर, हृदय आणि फुफ्फुसं महिनाभरात खूश होतात. हाड आणि टेंडन मागे राहतात. दम म्हणतो पळ, नडगी म्हणते थांब, आणि आपण दमाचं ऐकतो. काही जण सेमिनरी हिल्सचा उतार वेगात उतरतात. उतारावर मांडीचे स्नायू लांबत जात असतानाच ब्रेक लावत असतात आणि स्नायूला सर्वांत जास्त झिजवणारं काम तेच.

दुसरं कारण लांब ढांग. पाऊल शरीराच्या फार पुढे पडलं की गुडघा सरळसोट असतो आणि प्रत्येक पाऊल छोटा ब्रेक होतो. इथे एक सोपा उपाय संशोधनातून आला आहे, फुकट आहे आणि म्हणूनच कोणाला आवडत नाही. वेग तोच ठेवून पावलांची संख्या पाच ते दहा टक्क्यांनी वाढवायची. मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर १७० करा. ढांग आपोआप आखूड होते, पाऊल शरीराखाली येतं आणि गुडघ्यावर, खुब्यावर येणारा भार कमी होतो. मोबाइलवर टिकटिक लावून फुटाळ्याच्या बाजूने दहा मिनिटं धावा, पुढचे पंधरा दिवस तुरुतुरु चालणाऱ्या उंदरासारखं वाटेल. मग सवय होते. अर्थात गुडघ्याने सोडलेला भार इथेही नाहीसा होत नाही, आता तो जास्त पावलांत वाटला जातो. पोटरीला पहिले काही दिवस ते जाणवतं, म्हणून बदल हळूहळू.

वजनाबद्दल सांगायला मला संकोच वाटतो, कारण तो सल्ला लोकांना टोमण्यासारखा लागतो. पण गुडघ्याची झीज असलेल्यांवरच्या अभ्यासात दिसलं आहे की शरीराचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चार किलोंनी कमी होतो. शेवटी सगळं तरफेवरच येतं. तर्री पोह्यांबद्दल मी काहीही बोलणार नाही.

आता गुडघ्यातली ती दोरी, जिच्या नावाने खेळाडू घाबरतात: एसीएल, मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून ठेवणारा बंध. उमरेड रोडच्या बाजूचा एक कबड्डीपटू, एकोणीस वर्षांचा, चढाईत पकड चुकवून मधल्या रेषेकडे वळला. कोणीही त्याला शिवलेलं नव्हतं. मॅटवर बूट घट्ट रुतला, मांडी आत वळली, गुडघा आतल्या बाजूला कोसळला आणि 'टक' असा आवाज आला. त्याच्या शेजारच्यालाही ऐकू गेला. मातीच्या मैदानावर पाऊल थोडं सरकलं असतं. मॅटवर बूट सरकत नाही, मग गुडघा फिरतो.

एसीएल तुटण्याच्या बऱ्याच घटना अशाच, कोणी न ढकलता होतात. व्हिडिओ एकेक चित्र करून तपासल्यावर दिसलं की पाऊल टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत दोरी तुटलेली असते. पापणी लवायला याच्या दुप्पट-तिप्पट तरी वेळ लागतो. मेंदूला खबर पोचण्याआधी काम झालेलं असतं. म्हणून मैदानाबाहेरून "गुडघा सांभाळ रे" ओरडण्याचा काही उपयोग नाही. पाऊल कसं टेकायचं हे आधीच, शेकडो वेळा करून, अंगवळणी पडलेलं हवं. मुलींमध्ये ही दुखापत त्याच खेळातल्या मुलांच्या दोन-तीन पट आढळते, त्यामुळे मुलींच्या संघांना तर हे आधी शिकवायला हवं.

फिफाने तयार करवून घेतलेला २० मिनिटांचा वॉर्मअप आठवड्यातून दोनदा तरी केला तर फुटबॉलमधल्या दुखापती तिसऱ्या हिश्श्याने किंवा त्याहून जास्त कमी झाल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं. त्यात काही जादू नाही: उडी मारून मऊ उतरणं, एका पायावर तोल, अचानक वळणं, पोट-कमरेची ताकद. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे. गुडघ्यांवर बसा, मित्राला घोटे दाबून धरायला सांगा आणि पाठ सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुका. हॅमस्ट्रिंगच्या दुखापती त्याने जवळपास निम्म्या होतात. वेगात धावताना पाय जमिनीला टेकण्याच्या आधी हा स्नायू ताणलेल्या अवस्थेत ब्रेक लावत असतो, आणि नॉर्डिकमध्येही तो नेमकं तेच करतो. खो-खोच्या पोरांना मी हा करायला लावते. पहिल्या आठवड्यात शिव्या खाते.

त्या कबड्डीपटूचं ऑपरेशन झालं. चौथ्या महिन्यात तो पळायला लागला, गुडघा सुजत नव्हता, दुखत नव्हता. गावच्या स्पर्धा तोंडावर होत्या. "एकदम फिट आहो मॅडम." नवी दोरी मात्र या काळात हाडात मुरत असते, दिसते त्यापेक्षा कच्ची असते. नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितके महिने पुढे ढकललं, तितकं प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा गुडघा जाण्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने उतरत गेलं, असं नॉर्वेतल्या एका अभ्यासात दिसलं. कॅलेंडर पुरेसं नाही. मांडीची ताकद चांगल्या पायाच्या ९० टक्क्यांपर्यंत यायला हवी आणि उडी मारून उतरण्याची पद्धतही.

आणि इथे शरीर लबाडी करतं. एका पायावरची लंगडी उडी दोन्ही बाजूंनी सारख्या अंतराची जाते, सगळे टाळ्या वाजवतात. मोजलं की कळतं, दुखऱ्या पायाची उडी खुब्याने आणि घोट्याने मारली, गुडघ्याने अंग चोरलं. खेळाडू खोटं बोलत नसतो. त्याला ते जाणवतच नाही.

माझ्याकडे फोर्स प्लेट नाही. मी भावाच्या दुकानातले काट्याचे दोन वजनकाटे आणलेत. त्या पोराला म्हटलं, एकेका काट्यावर एकेक पाय ठेव आणि सावकाश बैठक मार, दोन्ही पायांवर सारखा भार दे. तो खाली गेला. डाव्या काट्यावर ३८, उजव्यावर २४. "सारखाच दिला की मॅडम," तो म्हणाला, आणि खाली वाकून पाहिल्यावर गप्प झाला. उजवा पाय ऑपरेशनवाला.

त्यानंतर आम्ही तीन महिने त्या काट्यांवर काम केलं. आधी काटे बघत, मग डोळे मिटून, मग हातात वजन घेऊन. खुर्चीवरून एका पायाने उठणं, पायरीवरून सावकाश उतरणं, भिंतीला टेकून बसणं, सगळं कंटाळवाणं. आठव्या महिन्यात बैठकेला ३२ आणि ३० आले. पोरगं हरखलं, फोनवर प्रशिक्षकाला फोटो पाठवायला निघालं. मी म्हटलं, थांब. आता सावकाश नको, झटकन खाली जा आणि तिथेच थांब.

तो झटकन बसला. डावा काटा उसळून जागेवर आला. उजवा उशिरा उसळला, अर्धवट. मी काही बोलले नाही. त्याने पुन्हा एकदा केलं, या वेळी मान खाली घालून, काट्याकडे पाहत. मग तसाच बसल्या बसल्या म्हणाला, "उजवा अजून चोरून राहिला न मॅडम."